जुळणारा बोल्ट

सावर्डेकरांनी गोणपाटाची गाठ सोडली, तेव्हा टेबलावर आधी गंजाची भुकटी सांडली आणि मग बंदूक दिसली. दादा स्टुलावरून उठले नाहीत. त्यांनी हात लांब करून नळीच्या मुळाशी, जिथे आकडा ठोकलेला असतो तिथे, अंगठा फिरवला आणि चष्मा लावायच्या आधीच म्हणाले, "एकाहत्तर चौऱ्याहत्तर."

"घ्या," सावर्डेकर मला म्हणाले. "मिस्त्रींना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी आकडा अंगठ्यात आहे. मला बायकोचा वाढदिवस आठवत नाही."

दादा हसले. मीही हसले.

ही चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. सावर्डेकर आमच्या गावच्या पोलीस मुख्यालयाचे राखीव निरीक्षक होते. मुख्यालयाच्या जुन्या तबेल्यात छोटं संग्रहालय करायचं अधीक्षकांच्या मनात होतं. उद्घाटन सव्वीस जानेवारीला. तलवारी, बिल्ले, जुने गणवेश जमले होते. जुनी थ्री नॉट थ्री रायफल तेवढी हवी होती. वापरातल्या रायफली काचेत ठेवता येत नव्हत्या. ही एकच मोकळी होती. अडुसष्ट साली ती एका चौकशीत अडकली, मग बाद ठरली आणि शस्त्रागाराच्या कोपऱ्यात गोणपाटात पडून राहिली. तिची ओळख पटवायची, कोणता भाग कुठला ते लिहून काढायचं, गंज उतरवायचा आणि ती बघण्याजोगी करायची, एवढं काम होतं.

मी तेव्हा शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत शस्त्रांच्या विभागात होते. धातू हा माझा विषय. अधीक्षकांचं पत्र आल्यावर मी रजा काढून घरी आले. दादा, म्हणजे माझे वडील, त्याच मुख्यालयात पंचवीस वर्षं आर्मोरर होते. शस्त्रागारातल्या सगळ्या हत्यारांची दुरुस्ती आणि देखभाल त्यांच्याकडे. त्यांनी माझ्यासोबत यावं, हे माझंच म्हणणं होतं.

पहिले दोन दिवस फार चांगले गेले. तबेल्याशेजारच्या कार्यशाळेत आम्ही रॉकेलमध्ये बोळे भिजवून गंज सोडवला. लाकडाला जवसाचं तेल चोळलं. दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी चिंचेने घासायची असं दादा म्हणाले आणि मी चिंचेने कशाला म्हणून वाद घातला. शेवटी चिंचेनेच घासली. गंज उतरला तसे आकडे वर आले. हे आकडे इंग्रजी असतात, पोलादी ठशावर हातोडी मारून एकेक ठोकलेले. बॉडीवर आणि नळीवर ७१७४. नळीच्या पुढच्या टोकाच्या टोपणावर २२१६. नेमपट्टीवर ६६३०. नळीखालच्या लाकडावर ९०५. चार बंदुका मिळून ही एक झाली होती.

पण टोपणावरच्या २२१६ वर एक आडवी रेघ होती आणि शेजारी नव्याने ७१७४ ठोकलेलं होतं. नेमपट्टीवरही तसंच. लाकडावरही तसंच.

"ही रेघ तुमची?" मी विचारलं.

"माझीच. टोपण फुटलं होतं, दुसऱ्या बाद बंदुकीचं बसवलं. जुना आकडा घासून काढायचा नाही. रेघ मारायची. रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे."

"का?"

"कोणी विचारलं, हा कुठून आणला, तर बंदुकीनेच सांगितलं पाहिजे. मी काय कायम बसणार आहे उत्तरं द्यायला?"

मी ते वहीत लिहून घेतलं. दादांनी ठोकलेले आकडे मी लहानपणापासून ओळखत होते. ओळीत, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे. अक्षर वळणदार असावं म्हणून इतरांचे वडील मुलांना पाट्या गिरवायला लावत. दादा मला पत्र्याच्या तुकड्यावर ठसा सरळ धरायला शिकवत. पुढे प्रयोगशाळेत माझ्या मोजमापांचं कौतुक झालं, की मला तो पत्र्याचा तुकडा आठवे.

बोल्ट मी शेवटी हातात घेतला. गोळी नळीत लोटून मागून दार लावल्यासारखा बंद होणारा तो दांडा. बंदूक उडते तेव्हा मागे येणारा सगळा जोर तो पेलतो. त्याच्या मुठीच्या मुळाशी आकडा होता, ७१७४. एकच आकडा. रेघ नाही.

"हा जुळतोय," दादा म्हणाले. "त्याला तेल लाव नि ठेव. घासू नकोस."

"मूळचाच?"

"जुळतोय म्हटलं ना."

दारात झारी खडखडली. दादांनी मान वळवली आणि लगेच परत फिरवली. मग गुडघा दुखतो म्हणून ते उठले आणि जेवायला घरी गेले. एरवी आम्ही बरोबर जायचो.

झारीवाले म्हणजे म्हाळू कोकरे. मुख्यालयाच्या झाडांना रोजंदारीवर पाणी घालायचे. साठीच्या आसपासचा उंच माणूस, डावा डोळा गेलेला, त्या बाजूचा गाल आवळून आलेला. ते मला ताई म्हणत आणि माझे वडील कोण हे त्यांना ठाऊक होतं. ते उंबऱ्यातच उकिडवे बसले.

"तीच का ही?"

"हीच."

"लई बारीक दिसाया लागली," ते म्हणाले. "तवा मोठी वाटायची."

त्यांची हकीकत मला सावर्डेकरांनी आधीच सांगितली होती, पण ती त्यांनी पुन्हा सांगितली. अडुसष्टच्या फेब्रुवारीत वार्षिक गोळीबाराचा सराव होता. कोकरे तेव्हा शिपाई, आणि ही बंदूक त्यांना त्याच महिन्यात मिळाली होती. तिसऱ्या गोळीला तिची पितळी पुंगळी मागच्या बाजूने फाटली आणि जळता वायू तोंडावर आला. चौकशी झाली. बंदूक तपासली, बोल्टवर बंदुकीचाच आकडा, म्हणजे बोल्ट बरोबर. मग दोष उडवणाऱ्याचा. बोल्ट पुरता बंद न करता चाप ओढला, असं ठरलं. त्यांच्या सेवापुस्तकात 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' असा शेरा बसला आणि त्यांना घरी पाठवलं.

"म्यां बोल्ट पुरा बंद केला व्हता, ताई. खट् असा आवाज आला व्हता. आजबी येतो कानात."

मी बोल्ट फडक्यावर ठेवला.

"गावात मला काय म्हणत्यात ठावं हाय? कोणी पोरगं काम धड करंना की त्याची आय म्हणती, म्हाळू होशील. माझ्या सुनंनंबी म्हटलं एकदा. मी घरातच व्हतो."

ते हसले. हसताना आवळलेला गाल हलत नव्हता. मग त्यांनी खरं काम सांगितलं. नवे अधीक्षक भले माणूस. त्यांनी कोकऱ्यांना बोलावून सांगितलं होतं, की बाई बंदूक खोलतायत, त्यांच्या अहवालात बंदुकीत खोट निघाली तर शेरा काढायला मी वर लिहीन. नाही निघाली तर विषय संपला.

"ते तुम्हाला न्हाई बोलले?"

"नाही."

"तुम्ही कुणाचं ऐकून लिवणार न्हाई, म्हनून न्हाई बोलले असतील." ते उठले, झारी उचलली. "काय असंल ते लिवा. मला फकस्त एकदा कळू दे."

दुपारी मी बोल्ट मोजायला घेतला. कोकऱ्यांसाठी असं म्हणता येणार नाही. जे भाग हातात येतात ते मी मोजतेच. आकडा होता तिथे मुठीचं मूळ आजूबाजूपेक्षा एक पंचमांश मिलिमीटर खोल भरलं. डोळ्याला दिसलं नसतं. बोटाला कळलं असतं, ज्याला माहीत आहे त्याच्या. तिथे कोणीतरी कानस फिरवली होती. नंतर आकडा ठोकला होता.

मग मी भिंग लावलं. ७१७४ मध्ये सात दोनदा येतो. पहिल्या साताची तिरपी रेघ खाली टोकापर्यंत पोचली होती. दुसऱ्याची पोचली नव्हती; तिचं टोक तिरकं तुटलं होतं. बाकीच्या तीन भागांवरचे सगळे सात अखंड होते. याचा अर्थ लावायला शास्त्र लागत नाही. बोल्टचं पोलाद कडक असतं. पहिला सात ठोकताना ठसा धड होता, आणि त्याच घावात किंवा त्याच्या पुढच्यात त्याचं टोक उडालं.

तुटक्या पायाचा तो सात मी रोज बघत होते. आदल्या दिवशी जेवताना बघितला होता.

आमच्याकडे भांड्यांवर नावं घालायला कधी बाहेर जावं लागलं नाही. दादांचे ठसे घरी यायचे. आईला माहेरून आलेला तांब्या असो की बारशातली वाटी, दादा त्यावर नाव आणि तारीख ठोकत, तारीख इंग्रजी आकड्यांत, कारण आकड्यांचे ठसे बंदुकीचेच. संध्याकाळी घरी जाऊन मी मांडणीवरची भांडी खाली काढली आणि तारखेप्रमाणे स्वयंपाकघराच्या फरशीवर लावली. सत्तावन्न सालची परात, माझ्या भावाच्या बारशाची. सात अखंड. माझ्या पाचव्या वाढदिवसाचा पेला, सतरा मार्च चौसष्ट. अखंड. सदुसष्टच्या मे महिन्यातलं घंगाळ. अखंड. त्यानंतर पितळी डबा, माझ्या नावाचा, सत्तावीस ऑक्टोबर सदुसष्ट. त्यावर दोन सात होते. दोन्ही तुटके. तिथून पुढची सगळी भांडी तुटक्या साताची.

तो डबा मला चांगला आठवत होता. मी आठ वर्षांची होते आणि दिवाळी आठवड्यावर आली होती. त्याच्या आधी चार दिवस दादा जेवले नव्हते. कामावरून आले की ते शस्त्रागाराच्या मागच्या अंगणात जात आणि खिडकीखालची माती आईच्या पिठाच्या चाळणीने चाळत. मी सोबत जायचे. काय हरवलं विचारलं, तर म्हणाले, एक स्क्रू. आई चिडली होती. चाळणी मातीत घातली, आता चकलीची भाजणी कशाने चाळू. पाचव्या दिवशी दादा हसत घरी आले. येताना नवा डबा आणला, ठसे काढले आणि मला मांडीवर घेऊन माझं नाव ठोकलं. मी विचारलं, स्क्रू सापडला का. सापडला, म्हणाले.

"हे काय मांडलंयस?"

दादा दारात उभे होते.

"भांडी घासायला काढली."

"भरभर घास. सहाला मला चहा लागतो."

चहा घेताना मी विचारलं. भांडी परत मांडणीवर गेली होती. मी इतकंच विचारलं, की शस्त्रागारात पूर्वी बोल्ट वेगळे का ठेवत.

हा त्यांचा आवडता विषय. शिपायाने पहिल्या खिडकीत पितळी बिल्ला द्यायचा आणि बंदूक घ्यायची. दुसऱ्या खिडकीत बंदुकीचा आकडा सांगायचा आणि त्या आकड्याचा बोल्ट घ्यायचा. चोर एका खोलीत शिरला तरी त्याच्या हाती नुसती काठी लागेल. संध्याकाळी बोल्ट मोजून आत घ्यायचे. दुसऱ्या खिडकीत दादा बसत.

"आणि एखादा कमी भरला तर?"

"कमी भरत नसे."

"समजा भरला."

"आर्मोररची नोकरी जाणार. खटला वेगळा. बायकापोरं रस्त्यावर." त्यांनी बशीत चहा ओतला. "कवायतीच्या बाद बंदुकांचे बोल्ट मात्र खोक्यात नुसते पडलेले असायचे. त्यांना कोण मोजतो."

ते म्हणून गेले आणि थांबले. बशी तोंडापर्यंत नेली होती ती तशीच राहिली.

"कोकऱ्यांच्या चौकशीत तुमची साक्ष झाली होती ना?" मी विचारलं.

"झाली होती."

"काय सांगितलंत?"

"बंदुकीवर जे होतं ते."

त्यांनी चहा प्यायला. मग म्हणाले की कार्यक्रमात त्यांचा सत्कार आहे असं सावर्डेकरांनी निरोप पाठवून कळवलंय, शाल-नारळ आहे, कोट धोब्याकडे टाकायला हवा. बाह्या सैल झाल्यात का बघ, म्हणाले. मी कोट आणला. बाह्या सैल झाल्या होत्या. 

दुसऱ्या दिवशी मी एकटी कार्यशाळेत गेले. गुडघा दुखतो म्हणून दादा घरीच राहिले.

पुसलेला आकडा वर आणायची एक रीत आहे. प्रयोगशाळेत मी ती शेकडो वेळा केली होती, चोरीच्या गाड्यांच्या इंजिनांवर, गावठी पिस्तुलांवर. आकडा ठोकताना त्याच्या खालचं पोलादही दबतं. वरचा आकडा घासून काढला, तरी खालचा दबलेला भाग राहतो, आणि आम्ल तो भाग बाकीच्यापेक्षा वेगळ्या वेगाने खातं. म्हणून जागा गुळगुळीत करायची, कापसाच्या बोळ्याने तांब्याच्या क्षाराचं आम्ल फिरवत राहायचं, आणि वाट बघायची. आकडा येतो तो धूसर येतो आणि फार वेळ थांबत नाही. म्हणून कॅमेरा आधीच लावून ठेवायचा. दिसला की बटण दाबायचं. छायाचित्र हाच पुरावा; पोलादावर नंतर काही राहीलच असं नसतं.

मी स्टँडवर कॅमेरा लावला. रोल नवा घातला. पट्टी शेजारी ठेवली, मापासाठी. दार लोटून घेतलं.

अकरा मिनिटांनी ७१७४ च्या आकड्यांमधून दुसरे आकडे दिसू लागले. आधी तीन. मग आठ. मग पूर्ण ३८५१, आणि त्याच्या मागे दोन अक्षरं, डी आणि पी. ही अक्षरं कवायतीच्या बंदुकांवर असतात. फक्त कवायत, हिच्यातून गोळी झाडू नये.

रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे. इथे रेघ नव्हती, पण आकडा वाचता येत होता.

बाहेर झारीचं पाणी पडत होतं. कोकरे तबेल्याच्या कडेच्या कण्हेरींना पाणी घालत होते, एकेका झाडापाशी थांबत. माझं बोट बटणावर होतं. मी ते किती वेळ तिथे ठेवलं हे मला सांगता येणार नाही. एरवी मी प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवते, त्या दिवशीच्या वहीत पुढची वेळ नाही. आकडे मंद झाले. मी बोळा पुन्हा फिरवला असता तर परत उठले असते. मी बोळा ठेवला, जागा पाण्याने धुतली, पुसली, आणि बारीक पॉलिश कागद घेतला.

कागद फिरवायचा तर सगळीकडे सारखा फिरवावा लागतो, नाहीतर खड्डा पडतो. मी सारखा फिरवला. ७१७४ थोडे उथळ झाले, पण नीट वाचता येत होते. दुसऱ्या साताचं तुटकं टोक आता तितकंसं खटकत नव्हतं. मग आम्ल पुन्हा लावून पाहिलं. अर्धा तास वाट पाहिली. काही आलं नाही. काम नेहमीसारखं चोख झालं होतं.

कारणं नंतर मी पुष्कळ जमवली. त्या अर्ध्या तासात एकही नव्हतं. कोटाच्या सैल बाह्या तेवढ्या डोळ्यांसमोर होत्या.

अहवाल दोन पानांचा झाला. टोपण, नेमपट्टी, लाकूड, प्रत्येकाचा जुना आकडा, नवा आकडा, मापं. शेवटची ओळ अशी होती : बोल्ट मूळ. क्रमांक जुळतो. सावर्डेकर तो वाचून म्हणाले, "वा, म्हणजे बाकी सगळी उसनवारी आणि बोल्ट तेवढा घरचा. हेच लिहू पाटीवर, लोकांना आवडेल." अधीक्षकांनी सही केली. मग त्यांनी विचारलं, कोकऱ्यांना तुम्ही सांगता का. तुम्ही सांगितलेलं त्यांना पटेल.

मी सांगितलं. कोकरे आंब्याच्या आळ्यात उभे होते. मी म्हटलं, बोल्ट त्याच बंदुकीचा आहे, मला त्यात दोष आढळला नाही.

ते पाणी घालत राहिले. आळं भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी त्यांनी झारी सरळ केली नाही.

"यंत्र लावून बघितलं?"

"हो."

"आमल टाकून? सावर्डेकर सायेब म्हनत व्हते, तुमी आमल टाकून जुनं वाचता."

"हो. आम्ल टाकूनही."

"मग न्हाईच." त्यांनी झारी खाली ठेवली. "तो आवाज मला मागनं सुचला असंल, ताई. माणसाला सुचतं. सव्वीस वरसं मी म्हनत आलो, खट् झालं, खट् झालं. कुणाला म्हाईत झालं व्हतं का न्हाई."

मला तेव्हा बोलता आलं असतं. अहवाल साहेबांच्या टेबलावरच होता.

सव्वीस जानेवारीला संग्रहालय उघडलं. दादांना शाल मिळाली. काचेमागे बंदूक छान दिसत होती. लोक वाकून पाटी वाचत होते. कोकरे आले नव्हते.

ते पुढच्या रविवारी घरी आले. उद्घाटनासाठी पुन्हा आलेली मी सोमवारी सकाळी परत निघणार होते. दादा ओसरीवर पेपर वाचत होते. कोकऱ्यांनी चपला फाटकाशीच काढल्या, बोरांची पिशवी पायरीवर ठेवली आणि दादांच्या समोर येऊन खाली बसले. इतक्या वर्षांत ते आमच्या घरी कधी आले नव्हते.

"मिस्त्री," ते म्हणाले, "एक सांगायचं व्हतं. म्यां तुमच्यावर संशय घेतला. तोंडानं कुठं बोललो न्हाई, पन मनात व्हता. दुसऱ्या खिडकीत तुमी बसायचा, म्हनून. आंधळ्या डोळ्याच्या बाजूनं तुमी आला की मी मुद्दाम मान वळवून तुमच्याकडं बघायचो. तुमच्या पोरीनं सगळं बघून सांगितलं. चूक माझी व्हती. माफ करा."

त्यांनी दादांच्या पायांना हात लावला. वयाने दोघांत दहा-बारा वर्षांचंच अंतर असेल.

दादांनी पाय मागे घेतले नाहीत. पेपरची घडी केली, ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा केली.

"बस," ते म्हणाले. "वर बस. कुमुद, पाणी आण यांना."

मी आत गेले. मांडणीपुढे उभी राहिले. तांब्या, फुलपात्रं, पेले, वाट्या. सगळ्यांवर नाव आणि तारीख. एक पेला उचलला, बहात्तर सालचा. तुटका सात. ठेवला. दुसरा शहात्तरचा. तोही ठेवला. अखंड साताचा चौसष्टचा पेला होता, तो हातात घेतला आणि तोही ठेवला. बाहेरून कोकऱ्यांचा आवाज आला, राहू द्या ताई, तहान न्हाई तेवढी. शेवटी स्टूल घेऊन मी सगळ्यात वरच्या फळीवरून काचेचा पेला काढला. पाहुण्यांसाठी आणलेला आणि कधी न वापरलेला. तो धुतला, पुसला, भरला आणि बाहेर नेला.

दादांनी पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले, आणि त्या विषयावर आमचं बोलणं झालं ते तेवढंच.

कोकरे घोट घोट करत सगळं पाणी प्याले. रिकामा पेला त्यांनी उजव्या डोळ्यासमोर धरून फिरवून पाहिला, आणि फुटेल म्हणून जपून दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"काचेचा पेला," ते म्हणाले. "सायबावानी मान केलात, ताई."